गिरण्यांच्या जमिनी आणि शहराचे पाणी

मुंबईच्या मध्यभागी परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात कापड गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे पहिल्या गिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढे या परिसराला 'गिरणगाव' हे नाव मिळाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर बहुतेक गिरण्यांची धुराडी विझली आणि प्रश्न उरला तो जमिनीचा.

एक तृतीयांशाचे सूत्र

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या प्रश्नाचे उत्तर दिले होते. गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करावेत. एक महापालिकेला उद्याने व मैदानांसाठी, दुसरा म्हाडाला घरांसाठी आणि तिसरा मालकाला विकासासाठी मिळावा, असे ते सूत्र होते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा सुटासुटा नव्हे, तर एकत्रित आराखडा करण्याची शिफारस केली.

२००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता केवळ मोकळ्या जागेची करायची, असे ठरले. गिरण्यांच्या आवारात बांधकामच अधिक असल्याने सार्वजनिक वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिलेला निर्णय पर्यावरणवादी याचिकाकर्त्यांच्या बाजूने होता. मात्र मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली.

सखल भूमीचे गणित

या निर्णयाचा संबंध पावसाशी कसा, हे समजण्यासाठी गिरणगावचा भूगोल पाहावा लागतो. मूळ सात बेटांमधील दलदलीच्या आणि भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जागा बुजवून मध्य मुंबईचा बराच भाग तयार झाला. हिंदमातासारखी ठिकाणे आजही बशीसारखी खोलगट आहेत. भोवतालचे पाणी तेथे उतरते. समुद्राला मोठी भरती असली की पातमुखांतून ते बाहेर पडू शकत नाही. ब्रिटिशकालीन पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ही क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्यास सांगितले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा ते काम रखडलेलेच होते.

वाहिन्यांची क्षमता वाढवणे हा उपायाचा निम्मा भाग होय. पाणी वाहिनीत पोहोचण्यापूर्वीच जमिनीत मुरवणे वा काही काळ साठवून ठेवणे, हा दुसरा निम्मा भाग. त्यासाठी मोकळी माती लागते. पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या अनेक मनोऱ्यांखाली मात्र तळघरातील वाहनतळ आहेत आणि त्यांच्या बागा काँक्रीटच्या छतावर आहेत. तेथे हिरवळ दिसते, पण पाणी मुरत नाही. पुढे महापालिकेला हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी दादर आणि परळच्या मैदानांखाली भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या.

जुन्या आवारातील शहाणपण

गिरण्यांच्या मूळ रचनेत साधनसंपत्तीच्या काटकसरीचे धडे होते. यंत्रांना लागणाऱ्या पाण्यासाठी अनेक आवारांत तळी होती. करवतीच्या दात्यांसारख्या छपरांतून उत्तरेचा प्रकाश आत येई, त्यामुळे दिवसा दिव्यांची गरज कमी पडे. अशी भक्कम बांधकामे पाडून नव्याने सिमेंट व पोलाद ओतण्यापेक्षा त्यांचाच फेरवापर केल्यास मोठे कार्बन उत्सर्जन टळते आणि राडारोडाही कमी निघतो. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी जुना तलाव राखण्यात आला, तो याच दृष्टीने लक्षणीय ठरतो.

जर्मनीच्या रुर खोऱ्यात हा विचार प्रादेशिक पातळीवर राबवला गेला. १९८९ ते १९९९ या दशकात एम्शर नदीच्या परिसरातील बंद पडलेल्या खाणी व पोलाद कारखान्यांचे रूपांतर उद्याने आणि सांस्कृतिक केंद्रांत झाले. ड्युइसबर्ग येथील जुन्या पोलाद कारखान्याच्या उद्यानात छपरांवरील पावसाचे पाणी साठवून वापरले जाते. स्टॉकहोममधील हमारबी या औद्योगिक बंदरभागात सांडपाण्यापासून बायोगॅस आणि कचऱ्यापासून उष्णता व वीज मिळवणारी वसाहत उभी राहिली. दोन्हीकडे आराखडा एकेका भूखंडाचा नव्हे, तर संपूर्ण परिसराचा होता.

उरलेली संधी

महापालिकेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलेल्या हवामान कृती आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट आहे. त्याची कसोटी अद्याप विकसित न झालेल्या गिरण्यांच्या जमिनींवर आणि पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जागांवर लागेल. घरांसाठी अर्ज केलेल्या दीड लाखांहून अधिक गिरणी कामगार व वारसांचा हक्कही याच जमिनींशी जोडलेला आहे. त्यांपैकी काहींना पनवेलजवळील कोन येथे घरे देण्यात आली. त्यामुळे उरलेल्या जमिनीची वाटणी करताना किती घरे आणि किती कार्यालये एवढाच हिशेब पुरेसा नाही. किती माती उघडी राहणार आणि पावसाचे पाणी कोठे जाणार, हेही आधीच ठरवावे लागेल. अन्यथा मनोऱ्यांच्या पायथ्याशी उरलेल्या चाळींच्या उंबऱ्याशी पाणी दर पावसाळ्यात येतच राहील.