धावत्या मालमोटारींचे वजन : एका प्रमाणाच्या घडणीचा इतिहास

वजन करावयाची वस्तू तुळेवर स्थिर असते, हे गृहीतक अतिशय प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात पौतवाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना दर चार महिन्यांनी वजनमापांची तपासणी विहित केली आहे. वजने व तुळा खरी असावीत, ही तेथील चिंता होय. तुळेतील मालच गतिमान असेल तर काय करावे, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. इंग्लंडमधील टोलरस्त्यांच्या विश्वस्तांना १७४१च्या कायद्याने गाड्या तोलण्याची यंत्रे उभारण्याची मुभा मिळाली. त्याच सुमारास जॉन वायट याने संयुक्त तरफांचा काटा बनविला, आणि १८३१ मध्ये अमेरिकेतील थॅडियस फेअरबँक्स याने आपल्या फलाटी काट्याचे एकस्व घेतले. गाडी उभी करावयाची आणि मग तोलावयाची, हा क्रम मात्र कोठेही बदलला नाही. तो बदलला विसाव्या शतकाच्या मध्यास. त्यानंतर ‘वजन’ ह्या शब्दाचा अर्थच नव्याने ठरविण्याची पाळी आली. प्रस्तुत लेखाचा विषय हा अर्थनिश्चय होय.

१९५२ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागातील ओ. के. नॉर्मन व आर. सी. हॉपकिन्स यांनी धावत्या वाहनांचे वजन करण्यासंबंधीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. रस्त्यातच काँक्रीटची एक फरशी बसवून तिच्याखाली विद्युत् भारमापके ठेवावयाची, अशी ही रचना होती. तिचा हेतू दंड करण्याचा नव्हता. रस्त्यांचे नियोजन करणाऱ्यांना वाहतुकीची आकडेवारी हवी होती, आणि प्रत्येक गाडी थांबविणे अशक्य होते. ह्या आकडेवारीचे महत्त्व लवकरच वाढले. इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० ह्या काळात राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने मोठी रस्तापरीक्षा घेतली. तीवरून असे दिसून आले की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या प्रमाणात वाढत नाही, तर साधारणतः त्या भाराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. हा घातांक सर्व प्रकारच्या रस्त्यांना सारखाच लागू पडत नाही, हे पुढील संशोधकांनी दाखविले आहे. तथापि नियमाचा आशय टिकून आहे. आसावरील भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते. तो केवळ २० टक्क्यांनी वाढला तरी झीज जवळजवळ दुप्पट होते. भारमापनातील लहान चूक रस्त्याच्या हिशेबात किती मोठी होते, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु ही चूक कोणाची? ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारे चाक सेकंदास २५ मीटर अंतर कापते. अर्धा मीटर रुंदीचा संवेदक ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ओलांडते. मालमोटारीचा सांगाडा आपल्या कमानींवर सेकंदाला दोन ते चार वेळा वरखाली होत असतो. म्हणजे एका हेलकाव्याचा लहानसा अंशच संवेदकास दिसतो. चाक वर उचलले जात असेल तर भार कमी भरतो, खाली येत असेल तर अधिक भरतो. यंत्राने त्या क्षणीचा भार अगदी बिनचूक मोजला, तरी तो आकडा गाडीचे वजन नव्हे. दोष यंत्राचा नाही, चालकाचा नाही आणि सर्वस्वी रस्त्याचाही नाही. मराठीत ‘वजन’ आणि ‘भार’ हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात. ह्या शास्त्रात मात्र त्यांची फारकत अपरिहार्य ठरली : भार हा क्षणाचा असतो, वजन हे त्यावरून केलेले अनुमान असते.

यंत्रांचे प्रकार वाढू लागले, तशी ही फारकत व्यवहारात जाचू लागली. टेक्सास विद्यापीठात क्लाइड ली यांनी १९६०च्या दशकात सहज हलविता येणारी उपकरणे तयार केली. १९७९ मध्ये फ्रेड मोझेस यांनी पुलाच्या तुळयांनाच संवेदक जोडून संपूर्ण पुलाचा काटा करण्याची पद्धत मांडली. वाकणाऱ्या पट्ट्या, दाबविद्युत तारा आणि पुढे क्वार्ट्झचे संवेदकही आले. प्रत्येक यंत्राची ‘अचूकता’ टक्क्यांत सांगता येत असे. पण ती अचूकता सरासरीची की एकेका नोंदीची, आसाची की संपूर्ण गाडीची, गुळगुळीत रस्त्यावरची की नेहमीच्या, हे एकसारखे ठरलेले नव्हते. शब्द एक व अर्थ अनेक, अशी ही अवस्था होती. ‘पाच टक्के’ म्हणणारी दोन यंत्रे एकमेकांशी तोलणेच अशक्य होते.

ह्या अवस्थेवर पहिला व्यापक उपाय अमेरिकेतील परीक्षण व सामग्री संस्थेने १९९० मध्ये ‘ई १३१८’ ह्या प्रमाणाने केला. त्यात प्रथम संज्ञांच्या व्याख्या आल्या. मग उपयोगानुसार यंत्रांचे प्रकार पाडण्यात आले. पहिल्या प्रकारात ९५ टक्के नोंदी एकूण वजनाच्या बाबतीत १० टक्क्यांच्या, आससमूहाच्या बाबतीत १५ टक्क्यांच्या व एकेका आसाच्या बाबतीत २० टक्क्यांच्या मर्यादेत असाव्यात, असे ठरले. संशयित गाड्या वेगळ्या काढण्यासाठी असलेल्या तिसऱ्या प्रकारात ह्याच मर्यादा अनुक्रमे ६, १० व १५ टक्के आहेत. ह्या प्रमाणाने यंत्राबरोबर रस्त्यालाही परीक्षेस बसविले, हे त्याचे विशेष श्रेय होय. १९९०च्या दशकातील आवृत्त्यांनुसार २० फुटांची सरळ पट्टी रस्त्यावर ठेवली असता तिच्याखालून एक अष्टमांश इंच जाडीची चकती सरकता कामा नये.

युरोपात १९९३ ते १९९८ ह्या काळात ‘कॉस्ट ३२३’ ह्या सहकार्ययोजनेने, फ्रान्समधील बर्नार झाकोब यांच्या अध्यक्षतेखाली, वेगळी वाट धरली. तिने ए(५), बी+(७), बी(१०), सी(१५) अशा श्रेणी ठरविल्या. कंसातील आकडा एकूण वजनाच्या मर्यादेचा टक्का सांगतो. श्रेणी देताना मात्र परीक्षा कशी घेतली हे पाहिले जाते. एकच गाडी एका दिवसात पुनःपुन्हा नेली, की निरनिराळ्या ऋतूंत अनेक प्रकारच्या गाड्या तपासल्या, यावर निष्कर्षाचा विश्वास अवलंबून ठेवण्यात आला. येथे अचूकता हा यंत्राचा अंगभूत गुण न राहता पुराव्यावर आधारलेले विधान झाली.

२००६ मध्ये आंतरराष्ट्रीय वैध मापनशास्त्र संघटनेची ‘आर १३४’ ही शिफारस आली, आणि तिने प्रश्न सांख्यिकीतून न्यायाच्या क्षेत्रात आणला. तेथे वाहनाच्या एकूण वजनासाठी ०.२ पासून १० पर्यंत श्रेणी आहेत. ५ ह्या श्रेणीत प्रथम पडताळणीच्या वेळी २.५ टक्के व वापरात ५ टक्के इतकीच त्रुटी अनुज्ञेय आहे. ही मर्यादा प्रत्येक नोंदीस लागू आहे, बहुसंख्य नोंदींस नव्हे. ह्याच शिफारशीत आणखी एक सूक्ष्म कबुली आहे. आसांच्या भाराची स्थिर संदर्भकिंमत दोन आसांच्या ताठ बांधणीच्या वाहनापुरतीच धरली जाते. इतर वाहनांच्या बाबतीत नोंदींची सुधारित सरासरीच संदर्भ मानावी लागते. कारण अनेक आसांची गाडी उभी असतानाही तिचा भार आसांत कसा वाटला जाईल, हे कमानींच्या घर्षणावर व जमिनीच्या चढउतारावर अवलंबून असते.

दोन्ही परंपरांतील अंतर शब्दांचे नाही, हे दंडाच्या प्रसंगी कळते. ९५ टक्क्यांच्या अटीत वीसांतील एक नोंद मर्यादेबाहेर गेली तरी यंत्र उत्तीर्ण होते. रस्त्याच्या नियोजनाला ही सूट पुरेशी आहे; ज्या चालकाच्या वाट्यास ती विसावी नोंद येईल, त्याला ती पुरेशी नाही. म्हणूनच अमेरिकेच्या वजनमाप परिषदेने २०१५ मध्ये धावत्या काट्यांसाठी स्वीकारलेली तात्पुरती संहिता केवळ गाड्यांच्या चाळणीपुरती होती. दंडासाठी गाडी स्थिर काट्यावर नेणे अपेक्षित होते. पुढे न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन-क्वीन्स द्रुतमार्गावर, २०२१ च्या राज्य कायद्यान्वये, २०२३ च्या अखेरीस गाडी न थांबविता दंडाची नोटीस पाठविण्याची पद्धत सुरू झाली. जीर्ण पुलाचे रक्षण हे तिचे कारण होते. चेक प्रजासत्ताकाने असे काटे त्याआधीच वैध मापनाच्या कक्षेत आणले होते.

भारतास हा प्रश्न परका नाही. वजनमापांच्या दशमान प्रमाणाचा कायदा १९५६ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी भारत वैध मापनशास्त्र संघटनेचा सदस्य झाला. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. ही वाढ सुमारे १३ टक्क्यांची आहे. चतुर्थ घाताच्या नियमाने तिचा अर्थ अशा आसामुळे होणारी झीज सुमारे १.६ पट, असा होतो. अमेरिकन प्रमाणाच्या तिसऱ्या प्रकारात एका आसासाठी १५ टक्के त्रुटी मान्य आहे. म्हणजे ज्या फरकासाठी कायदा बदलावा लागला, तो संपूर्ण फरक अशा काट्याच्या मान्य त्रुटीत बुडून जाऊ शकतो.

यावरून एकरूप प्रमाण म्हणजे सर्वत्र एकच आकडा, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. नियोजन, चाळणी आणि दंड ही तीन कार्ये भिन्न आहेत व त्यांच्या त्रुटींचे परिणाम भिन्न व्यक्तींना भोगावे लागतात. तेव्हा मर्यादाही भिन्न असणेच युक्त आहे. एकरूपता हवी ती व्याख्यांत, परीक्षेच्या रीतीत आणि आकड्याबरोबर त्याची अनिश्चितता सांगण्याच्या शिस्तीत. चार महिन्यांनी वजने तपासणारा पौतवाध्यक्ष ग्राहकाला एवढीच हमी देत असे की काट्याचा शब्द सर्वांसाठी एका अर्थाचा आहे. धावत्या काट्याकडूनही समाजाची अपेक्षा तीच आहे. फरक इतकाच की ती पुरी होण्यासाठी लोखंडाच्या वजनांइतकीच शब्दांचीही पडताळणी आता आवश्यक झाली आहे.