परमिट रूमची पाटी

मागच्या भागात आपण मिठावरच्या कराबद्दल बोललो. आज बोलायचंय दारूबद्दल. चांगली की वाईट, हा निवाडा मी करणार नाही. माझा प्रश्न साधा आहे. भारतातला माणूस आज जे पितो, ते कोणी ठरवलं?

लहानपणी ‘परमिट रूम’ ही पाटी वाचून मला वाटायचं, आत सरकारी कचेरी असणार. तसा मी अगदीच चुकीचा नव्हतो. महाराष्ट्रात बिअर बारचा परवाना आजही ज्या कायद्याखाली मिळतो, तो १९४९चा दारूबंदीचा कायदा आहे. बाटली विकायची परवानगी दारूबंदीच्या कायद्यातून! ही गंमत समजून घ्यायची तर आणखी मागं जावं लागतं.

रेल्वे यायच्या आधी या देशात दारूचा एक बाजार नव्हताच. गोव्यात काजूची फेणी, किनाऱ्यावर माडी, मध्य भारतात आणि सह्याद्रीच्या रानात मोहाची, पूर्वेकडे तांदळाची हंडिया. जे झाड दारात, तेच पेल्यात. ठाण्याच्या वारली-कातकऱ्यांसाठी मोहाचं फूल हे खाणंही होतं, पेयही आणि देवाचा नैवेद्यही.

इंग्रज सरकारची अडचण अशी की घरोघरी गाळलेल्या दारूवर कर कसा बसवणार? मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या मोडून गाळप मोठ्या, देखरेखीखालच्या कारखान्यांत नेण्याची ती सोय होती. उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्या त्यातूनच भरभराटीला आल्या. माडीच्या झाडांवर कर वाढला. मग १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि फुलं गोळा करून जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. आजोबांनी जे केलं तेच नातवानं केलं, तर तो गुन्हेगार.

इथं गंमत पाहा. दारूच्या दुकानांना विरोध करणारेही तेव्हा सरकारवरच बोट ठेवत होते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं. म्हणजे एका बाजूला सरकार घरची दारू बंद करत होतं आणि दुसऱ्या बाजूला दुकानाची दारू वाढवत होतं. तिजोरीच्या हिशेबानं दोन्ही गोष्टी एकच होत्या.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम ४७नं दारूबंदीचं ध्येय समोर ठेवलं. पण त्याच घटनेनं मादक पेयं हा विषय राज्यांच्या यादीत टाकला आणि त्यावरचा करही राज्यांनाच दिला. ध्येय एका पानावर, उत्पन्न दुसऱ्या पानावर. तेव्हापासून प्रत्येक राज्य या दोन पानांमध्ये हेलकावे खातंय. २०१७ साली जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू त्याच्या बाहेर राहिली. म्हणून इंदूरची बाटली, बेळगावची बाटली आणि पणजीची बाटली यांच्या किमती आजही वेगळ्या.

मुंबई राज्यानं मोरारजी देसाईंच्या काळात संपूर्ण दारूबंदी केली. प्रकृतीच्या कारणासाठी परमिट मिळे; ज्याच्याकडे डॉक्टर आणि ओळख, त्याला परमिट. बाकीच्यांसाठी हातभट्टी. गूळ, नवसागर आणि रात्रीचा धंदा. मुंबईत ‘आंटी’च्या घरी नवटाक मिळायची. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण परमिट हा शब्द पाटीवर राहून गेला. गुजरातनं मात्र १९६०नंतरही बंदी चालू ठेवली.

आता दक्षिणेकडे चला. आंध्रात सरकारमान्य अरक गावोगाव पोचली होती. नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता वर्गाला येणाऱ्या बायका आपल्या घराची कहाणी एकमेकींना सांगू लागल्या आणि १९९२ साली दुबागुंटा गावच्या बायकांनी अरकेचं दुकान बंद पाडलं. लोण राज्यभर पसरलं. १९९३ साली अरकेवर बंदी आली, १९९५ साली संपूर्ण दारूबंदी. दोन वर्षांतच ती सैल झाली, कारण तिजोरी. केरळनं १९९६ साली आणि कर्नाटकानं २००७ साली अरक बंद केली.

या बायका जिंकल्या का? अरक गेली हे खरं. पण तिच्या जागी आलं ‘भारतीय बनावटीचं विदेशी मद्य’. हे नावच बघा ना! उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट, त्यात रंग आणि स्वाद, वर इंग्रजी लेबल. युरोपात याला व्हिस्की म्हणू देत नाहीत. पण अशाच मालाच्या जोरावर भारत खपाच्या मापानं जगातला सगळ्यात मोठा व्हिस्कीबाज देश ठरलाय. तामिळनाडूत तर २००३ पासून सरकारी महामंडळच किरकोळ दुकानं चालवतं. माडी पिणारा माणूस क्वार्टरवर आला. आपण त्याला ‘बदलती आवड’ म्हणतो. मला ती आवड कमी आणि धोरण जास्त वाटतं.

एक आकडा लक्षात ठेवा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के पितात, स्त्रियांपैकी एक टक्क्याच्या आसपास. म्हणजे बहुसंख्य भारतीय पीतच नाहीत. पण पिणाऱ्यांच्या घरातल्या बायकांना त्याची झळ बसते. म्हणून तर महाराष्ट्रात ‘आडवी बाटली’ला मत द्यायला त्या रांगा लावतात.

आणि ज्याला कायदेशीर बाटली परवडत नाही, त्याचं काय? २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. मिथेनॉलचा घोट होता तो. मेले ते मोलमजुरी करणारे.

याच काळात वरच्या मजल्यावर वेगळंच चाललंय. २००४ साली बंगळुरूची सिंगल माल्ट व्हिस्की थेट ग्लासगोत उतरली. नाशिकची वाईन जेवणाच्या टेबलावर आली. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आणि अलीकडे मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता दिली.

वारसा! ज्या फुलासाठी आदिवासी माणसाच्या झोपडीची झडती घेतली जायची, तेच फूल आता सुंदर बाटलीत बसून दुकानाच्या फळीवर आलंय. त्याचा मला आनंद आहे, खोटं कशाला बोलू. फक्त पुढच्या वेळी ती बाटली हातात घेतलीत, तर लेबलावर एक गोष्ट शोधा: फूल वेचणाऱ्या बाईला यातले किती मिळाले? तिथं ते लिहिलेलं नसेल. तेवढं लिहिलं गेलं की दारूच्या इतिहासात खरा बदल झाला, असं मी म्हणेन.

भेटू पुढच्या भागात.