शाळेचा गणवेश आणि हिजाब-टोपी : नियम काय सांगतो? मुस्लिम पालकांनी हे माहीत करून घ्या

जून महिना आला की शाळाप्रवेशाची धावपळ सुरू होते. गावातली शाळा सातवीपर्यंत असेल, तर आठवीला मुलीला तालुक्याच्या हायस्कूलला घालावं लागतं. तिथं डोक्यावर ओढणी किंवा स्कार्फ चालेल का, हा प्रश्न अनेक मुस्लिम घरांत पडतो. उत्तर वेळेवर कळलं नाही, तर मुलीची शाळाच सुटायची वेळ येते. त्यामुळे नियम आधीच समजून घेतलेला बरा.

गणवेश कोण ठरवतं?

जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली ते आठवीचा गणवेश कसा असावा, हे शाळा व्यवस्थापन समिती ठरवते. २०२४-२५ मध्ये राज्यात 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली होती. मात्र कापड, शिलाई आणि उशिरा वाटपाच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुन्हा समित्यांकडे देण्यात आला.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. म्हणजे गणवेशाबाबत काही सांगायचं असेल, तर पहिली जागा हीच. खासगी शाळेत नियम संस्था ठरवते.

हिजाब, नकाब, बुरखा यांत फरक काय?

हिजाब म्हणजे केस आणि मान झाकणारा स्कार्फ, यात चेहरा उघडा असतो. नकाबात चेहरा झाकला जातो. बुरखा अंगभर असतो. कोर्टाच्या आदेशांत हा फरक महत्त्वाचा ठरतो.

कोर्टांनी आजवर काय म्हटलं?

मुंबई उच्च न्यायालयासमोर पूर्वी कुर्ल्यातील एका शाळेचं प्रकरण आलं. फक्त मुलींच्या विभागात शिकताना डोक्यावर स्कार्फ नको, हा शाळेचा नियम कोर्टानं योग्य ठरवला.

मार्च २०२२ : कर्नाटक उच्च न्यायालयानं गणवेशाचा नियम हे वाजवी बंधन असल्याचं सांगून हिजाबची परवानगी मागणाऱ्या याचिका फेटाळल्या.

ऑक्टोबर २०२२ : याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य मानली. न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलींचं शिक्षण सर्वात महत्त्वाचं असल्याचं सांगत ती रद्द ठरवली. प्रकरण मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं.

ऑगस्ट २०२४ : मुंबईत चेंबूरच्या एका कॉलेजनं हिजाब, टोपी आणि बॅजवर बंदी घातली होती. मुंबई उच्च न्यायालयानं विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. सुप्रीम कोर्टानं मात्र या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणारा नकाब किंवा बुरखा चालणार नाही, हेही सांगितलं. हा आदेश त्या कॉलेजच्या परिपत्रकापुरता होता. तो प्रत्येक शाळेला लागू आहे, असा दावा करणाऱ्या व्हॉट्सॲप मेसेजवर विश्वास ठेवू नका.

परीक्षेच्या वेळी काय?

नीट परीक्षेला धार्मिक किंवा पारंपरिक पोशाखात जाता येतं. फक्त तपासणीसाठी केंद्रावर लवकर पोहोचावं लागतं. मुलींची तपासणी महिला कर्मचारीच करतात.

शाळा काय करू शकत नाही?

पहिली ते आठवीच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम १६). कपड्यांवरून मारणं, सर्वांसमोर अपमान करणं, मानसिक त्रास देणं यालाही बंदी आहे (कलम १७). नियमाबद्दल बोलायचं असेल, तर शाळेनं पालकांना बोलवावं. मुलीला गेटवर उभं करणं हा मार्ग नाही.

पालकांनी काय करायचं?

१. प्रवेशाआधीच मुख्याध्यापकांना भेटून गणवेशाचा नियम लेखी मागा.

२. गणवेशात सलवार-कमीज आणि ओढणी आहे का, ते विचारा. गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ चालेल का, अशी विनंती अर्जात करा. बऱ्याचदा इथंच मार्ग निघतो.

३. मुलांच्या टोपीबाबतही हाच अर्ज करता येतो.

४. अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर समितीच्या बैठकीत विषय मांडा.

५. तिथंही काम झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी यांच्याकडे जा. बालहक्क संरक्षण आयोग आणि राज्य अल्पसंख्याक आयोगाकडेही तक्रार करता येते.

सगळ्यात महत्त्वाचं : अर्जाचा निकाल लागेपर्यंत मुलीला घरी बसवू नका. हजेरी तुटली की अभ्यास मागे पडतो आणि पुढे शाळा सुटते. अर्ज पालकांनी चालवावा, मुलीनं वर्गात बसावं.