धुऱ्यावरचा बिब्बा

आमच्या वावराच्या उगवतीकडच्या धुऱ्यावर बिब्ब्याचं एक जुनं झाड आहे. सेलू तालुक्यातलं आमचं गाव बोरच्या जंगलाला लागून, त्यामुळं साग, मोह, तेंदू, बिब्बा ही झाडं आम्हाला काही नवी नाहीत. या झाडाची मोठी मोठी पानं उन्हाळ्यात गळून जातात. हिवाळ्यात फळं पिकतात. वर केशरी-पिवळा गर, त्याच्या खाली काळं चकचकीत बी. गर खायचा, बी हाताळायचं नाही, हे आमच्याकडं पोराला चालायला लागलं की शिकवतात. मागल्या वर्षी माझा मुलगा म्हणाला, "बाबा, काढून टाकू हे झाड, ट्रॅक्टर वळत नाही." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्या झाडाचा अन् आमच्या घराचा एक जुना हिशेब आहे. तो आधी सांगतो.

साल १९७१. मी चौथीत होतो. दिवाळी उलटून गेली होती, सीतादही झाली होती अन् पऱ्हाटीचा पहिला वेचा चालला होता. माझी आत्या तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना तिच्या खांद्यात लचक भरली. रात्री दुखणं वाढलं तशी आजी म्हणाली, "थांब, थेंबभर बिब्बा लावून देतो. सकाळी उठून वेचाले जाशीन."

आजीनं सुईत बिब्बा टोचला आणि दिव्याच्या ज्योतीवर धरला. चर्र आवाज करत काळं तेल सुटलं. ते आत्याच्या दंडावर आणि खांद्यावर ठिपक्या ठिपक्यांनी लावलं. असे बिब्बे आजीनं आयुष्यभर लावले होते. टाचेच्या भेगेला, काटा मोडला तिथं, गुडघ्याला. बहुतेकांना काही होत नसे, एक काळा डाग राहायचा एवढंच. पण आत्याला बिब्बा उतला. आमच्याकडं 'उतला' असंच म्हणतात. दुसऱ्या दिवशी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी दंडावर पाण्याचे फोड आले, तोंड सुजलं, डोळे मिटून गेले. आजीनं तीळ वाटून लेप दिला, खोबऱ्याचं तेल चोपडलं. हा आमचा पिढीजात उतारा. आबाजी मात्र घाबरून गुरुजींकडं गेले.

गुरुजी म्हणजे आमच्या शाळेचे मास्तर. त्यांच्याकडं लाकडाची एक पेटी होती. तिच्यात बारक्या बारक्या बाटल्या आणि बाटल्यांत साखरेच्या गोळ्या. त्या काळी कितीतरी मास्तर, पोस्टमास्तर, तलाठी अशी होमिओपॅथीची पेटी आणि एखादं पुस्तक बाळगून गावाला फुकट औषध देत. गुरुजींनी आत्याला पाहिलं आणि 'रस टॉक्स' नावाच्या गोळ्या दिल्या. मी बाजूलाच उभा होतो. म्हणाले, "अमेरिकेत एक वेल आहे. अंगाला लागली का असेच फोड येतात. त्या वेलीचंच हे औषध. ज्यानं दुखणं येते त्याचाच अंश देऊन दुखणं काढायचं, हे याचं तत्त्व."

मग पेटीतल्या बाटल्या दाखवत ते म्हणाले, "यातलं निम्मं तं तुमच्या धुऱ्यावर उगवते, पोट्ट्या." कांद्याची बाटली होती. कांदा चिरताना नाक-डोळे वाहतात, म्हणून सर्दीला कांदा. कुचल्याची होती, तिला ते नक्स व्होमिका म्हणत. धोतऱ्याची होती, हिमालयातल्या बचनागाची होती. आणि एका बाटलीवर लिहिलं होतं 'अनाकार्डियम'. गुरुजी हसून म्हणाले, "हा तुमचाच बिब्बा. हा विसरभोळ्या माणसाले देतात."

बिब्बा आणि विसरभोळेपणा, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. पुढं शेती करता करता जे वाचायला मिळालं ते वाचत गेलो तेव्हा कळलं, की ही गोष्ट गुरुजींच्या पेटीपेक्षा फार जुनी आहे. आपल्या वैद्यकात बिब्ब्याला भल्लातक म्हणतात. चरकसंहितेत त्याची गणना रसायनांत केली आहे, पण तो आगीसारखा आहे, रीत पाळूनच द्यावा, असंही बजावलं आहे. म्हणून वैद्य लोक बिब्बा तसाच वापरत नाहीत. विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून त्याचं तेल उतरवतात आणि मगच पुढचं करतात. आपल्याकडून तो अरबांकडं गेला. ते त्याला 'बलाधुर' म्हणत आणि स्मरणशक्तीसाठी घेत. नवव्या शतकात बगदादला अल-बलाधुरी नावाचा मोठा इतिहासकार होऊन गेला. त्याच्या नावातच बिब्बा आहे. म्हणतात, की पाठांतर वाढावं म्हणून बलाधुर घेतला आणि त्यानं वेड लागलं. कोणी म्हणतात हे त्याच्या आजोबाचं झालं, कोणी म्हणतात त्याचंच. खरं काहीही असो, चरकानं सांगितलेली रीत पाळली नाही की काय होतं, हे तिथल्या लोकांनाही कळून चुकलं होतं.

होमिओपॅथी काढली ती जर्मनीच्या सॅम्युएल हानेमाननं. १७९० साली त्यानं सिंकोना झाडाची साल स्वतः खाऊन पाहिली. हिवतापावर त्या काळी तेच औषध होतं. तर त्याला हिवतापासारखीच लक्षणं जाणवली. त्यावरून त्यानं सारख्याला सारखं हे तत्त्व १७९६ साली मांडलं आणि १८१० साली मोठा ग्रंथ लिहिला. तो काळ रोग्याचं रक्त काढायचा, पारा पाजायचा. त्यापुढं साखरेची गोळी लोकांना बरी वाटली असेल तर नवल नाही. त्याच्या औषधांत आपला बिब्बाही गेला. आपल्या देशात १८३९ साली लाहोरला होनिगबर्गर नावाच्या वैद्यानं महाराजा रणजितसिंहांवर हे उपचार केले. पुढं कलकत्त्याचे डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८६७ साली याची बाजू घेतली आणि त्यापायी आपल्याच डॉक्टर मंडळींचा रोष ओढवून घेतला. बंगालमधून ते देशभर पसरलं. १९७३ साली संसदेनं त्याचा कायदाही केला.

आता गोळीत असतं काय? मूळ अर्काचा एक भाग, त्यात नव्व्याण्णव भाग अल्कोहोल घालून हलवायचं. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नव्व्याण्णवात. असं तीस वेळा केलं की बाटलीवर ३० चा आकडा येतो. आम्ही कास्तकार फवारणीचं औषध पंपात मोजून टाकतो, त्यामुळं हा हिशेब आम्हाला चटकन कळतो. रसायनशास्त्राप्रमाणं बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ पदार्थाचा कण उरण्याची आशा संपते. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं झालेले अभ्यास तपासून सांगितलं, की कोणत्याही आजारात हे लागू पडतं असा भरवशाचा पुरावा नाही. गुरुजींबद्दल माझ्या मनात आदर आहे, ते रात्री-बेरात्री कंदील घेऊन लोकांच्या घरी जात. पण खरं आहे ते लिहिलं पाहिजे. आत्याची सूज दोन आठवड्यांनी उतरली. आजी म्हणे तिळानं, आबाजी म्हणत गुरुजींच्या गोळ्यांनी. आज डॉक्टर सांगतात, की बिब्बा उतला तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत तो आपोआपच ओसरतो.

सूज उतरली, पण दंडावर डाग राहिला. कडेनं काळा अन् मधे फिकट, रुपयाएवढा. १९७२ च्या उन्हाळ्यात आत्याची सोयरीक जुळली. साक्षगंधाला पाहुणे आले. बांगड्या भरताना पाहुण्यांतल्या एका बाईनं दंड पाहिला आणि दुसरीच्या कानाला लागली. जेवणं झाली, सुपारी झाली नाही. आठ दिवसांनी निरोप आला, की पोरीच्या अंगावर चट्टा आहे, आम्हाला जमत नाही. चट्टा म्हणजे त्यांना काय म्हणायचं होतं ते सगळ्या गावाला कळलं. चांगल्या कामात कोणी मोडता घातला तर मराठीत 'बिब्बा घातला' म्हणतात. आमच्या घरात तो खराच बिब्बा होता. आजी त्या दिवसापासून महिनाभर आत्याच्या नजरेला नजर देत नव्हती.

गुरुजीच म्हणाले, "दत्तपूरले घेऊन जा." वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली महारोग्यांची सेवा सुरू केली होती. त्या काळात घरचे लोक रोग्याला गावाबाहेर काढत, आणि इथं एक धडधाकट माणूस त्यांची घाणेरडी जखम हातानं धूत होता. सेवाग्रामला बापूंनी परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांना मालिश केली, तेही आमच्या जिल्ह्यातलंच. १९५१ पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचं काम वर्ध्याहून चालू होतं. एवढं सगळं हाकेच्या अंतरावर असून चट्टा दिसला की सोयरीक मोडायची, हेही आमच्याच जिल्ह्यातलं.

आबाजी, आत्या आणि मी असे तिघं गेलो. तिथल्या कार्यकर्त्यानं आत्याला डोळे मिटायला लावले. कापसाची बारीक वात करून डागाला हळूच लावली.

"लागते का, बाई?"

"लागते."

"कुठं लागली तिथं बोट ठेवा."

आत्यानं बरोबर डागावर बोट ठेवलं. चार-पाच वेळा केलं, प्रत्येक वेळी बरोबर. तो म्हणाला, "महारोगाच्या चट्ट्याले स्पर्श कळत नाही. हा बिब्बा आहे." आबाजींनी त्याचे पाय धरले. येताना वर्ध्याला पेढे घेतले, गावात घरोघर वाटले. दोन वर्षांनी आत्याचं लग्न आर्वीकडं झालं.

पण त्या दिवशी बसमध्ये आत्या बोलली नव्हती. तिथं बाया सूत कातत बसल्या होत्या, काहींच्या बोटांची पेरं झडली होती. ते ती पाहून आली होती. फार वर्षांनी, मी बापही झालो होतो तेव्हा, ती मला म्हणाली, "मले काही नोतं म्हणून आपण पेढे वाटले. ज्याईले होतं, त्याईच्या घरी कोणी काय वाटलं रे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. १९८० नंतर एमडीटीच्या गोळ्या आल्या. देशात त्या सर्वांत आधी ज्या जिल्ह्यांत सुरू झाल्या त्यात वर्धा होता. आज हा रोग पुरा बरा होतो. तरी चट्टा लपवणारे लोक मला अजून भेटतात.

बिब्ब्यानं गोरे शिपाईही फसवले. परटाचं कपड्यावरचं चिन्ह याच तेलाचं असे. चुना लावला की ते पक्कं होई, धुण्यानं जात नसे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेला फोड येऊ लागले. कारण सापडेना. शेवटी कॉलरच्या आत परटाचा ठिपका सापडला. १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी ते छापलं. बिब्बा, आंबा, काजू आणि गुरुजींनी सांगितलेली ती अमेरिकेची वेल, ही सगळी एकाच कुळातली. आंब्याचा चीक ओठाला लागून फोड येतो तो याच नात्यानं.

आणि याच विषाच्या पोटात गोडंबी असते. डिंकाच्या लाडवात बाळंतिणीला घालतात ती. बिबे फोडून ती काढणाऱ्या बायांची बोटं काळी पडतात, सालपटं निघतात. बाजारात गोडंबी महाग मिळते. ती फोडणारीला त्यातलं किती मिळतं ते घेणाऱ्यानं कधी विचारून पाहावं.

आत्या आता सत्तरीपार आहे. दिवाळीला आली तेव्हा मुलगा तिच्यासमोर झाड तोडायचं पुन्हा बोलला. ती म्हणाली, "झाडानं काय केलं? लावणारानं लावला." मग आम्ही ट्रॅक्टर वळायची जागा दुसऱ्या अंगानं काढली. मुलाला एवढंच बजावून ठेवलं आहे, की याचं सरपण चुलीत घालायचं नाही, धुरानंही तोंड सुजतं. पोट फुगलं म्हणून तान्ह्या लेकराच्या पोटावर बिब्बा कोणालाही लावू द्यायचा नाही, मग सांगणारी घरातली कितीही मोठी असो. उतलाच तर साबणपाण्यानं धुऊन सरळ सेवाग्रामच्या दवाखान्यात जायचं.

यंदा झाडाला फळ चांगलं आहे. गर पोरांनी खाल्ला, बी मी फडक्यानं वेचून डब्यात भरून उंच ठेवलं आहे.