वाँडरर्स : पहिल्या एफए कपचे मानकरी

वाँडरर्स हा व्हिक्टोरियन काळातील लंडनचा हौशी फुटबॉल क्लब. हॅरो शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १८५९ मध्ये एपिंग जंगलाच्या कडेला ‘फॉरेस्ट क्लब’ या नावाने तो सुरू केला. जॉन आणि चार्ल्स ऑल्कॉक हे बंधू त्यात पुढे होते. १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा फॉरेस्ट हा संस्थापक क्लबांपैकी एक होता. १८६४ पासून वाँडरर्स हे नाव रूढ झाले. स्वतःचे मैदान नसल्याने सामने बॅटरसी पार्कमध्ये आणि पुढे केनिंग्टन ओव्हलवर होत. खेळाडू नामांकित शाळांतून आणि विद्यापीठांतून आलेले होते. खेळण्यासाठी पैसे घेणे त्यांना कमीपणाचे वाटे.

चार्ल्स ऑल्कॉक पुढे असोसिएशनचे सचिव झाले. हॅरोच्या वसतिगृहांमध्ये होणारे बाद पद्धतीचे सामने त्यांनी विद्यार्थिदशेत पाहिले होते. त्याच धर्तीवर १८७१ मध्ये त्यांनी सर्व क्लबांसाठी चषक स्पर्धा सुचवली. पहिल्या वर्षी १५ क्लबांनी नावे नोंदवली. उपान्त्य सामना बरोबरीत सुटला, पण ग्लासगोच्या क्वीन्स पार्कला पुन्हा लंडनला येण्याचा खर्च झेपला नाही आणि वाँडरर्स अंतिम फेरीत पोहोचले. १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलवर सुमारे २,००० प्रेक्षकांसमोर त्यांनी रॉयल इंजिनिअर्सला १-० असे हरवले. एकमेव गोल मॉर्टन बेट्स यांचा होता. त्या दिवशी ते टोपणनावाने खेळले होते.

१८७३ मध्ये विजेता म्हणून वाँडरर्सला थेट अंतिम सामन्यात स्थान मिळाले आणि चषक त्यांच्याकडेच राहिला. त्यानंतर १८७६, १८७७ आणि १८७८ असे सलग तीन वर्षे ते जिंकले. पाचही विजयांत चार्ल्स वॉलस्टन खेळले. सलग तिसऱ्या विजयाने नियमानुसार चषक कायमचा क्लबच्या मालकीचा झाला होता. तो यापुढे कोणालाही कायमचा देऊ नये, या अटीवर क्लबने तो असोसिएशनला परत केला.

ऱ्हास लगेच सुरू झाला. वाँडरर्स अनेक शाळांचे निवडक खेळाडू एकत्र आणत असे. तेच त्यांचे बळ होते. मात्र प्रत्येक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे स्वतंत्र संघ उभे राहिले, तसे खेळाडू आपापल्या संघांकडे वळले. १८७८-७९ च्या हंगामात पहिल्याच फेरीत ओल्ड इटोनियन्सने वाँडरर्सचा ७-२ असा धुव्वा उडवला. वाँडरर्सकडून तीनदा चषक जिंकलेले आर्थर किनेर्ड आता इटोनियन्सकडे होते. १८८०-८१ मध्ये वाँडरर्सला संघही उतरवता आला नाही. काही काळ हॅरो शाळेबरोबरचा वार्षिक सामना तेवढा उरला, आणि मग तोही थांबला.

हौशी क्लबांचे वर्चस्वही त्याच सुमारास संपले. १८८३ मध्ये लँकेशरच्या कामगारवस्तीतील ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने इटोनियन्सला हरवून चषक उत्तरेकडे नेला आणि १८८५ मध्ये असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. वाँडरर्सने घातलेली अट मात्र टिकली. ब्लॅकबर्न रोव्हर्सने १८८४ ते १८८६ सलग तीनदा चषक जिंकला, तेव्हा त्यांना चषकाऐवजी खास ढाल देण्यात आली.