तीनशे मुलांची एक खोली

लंडनच्या उत्तरेला हिचिन नावाचे गाव आहे. तिथे १८३७ साली गरिबांच्या मुलांसाठी बांधलेली एक शाळा संग्रहालय म्हणून राखली आहे. शाळा म्हणजे एकच लांबरुंद खोली. तीत तीनशे मुलगे बसवायचे आणि मास्तर एक. जोसेफ लँकेस्टरच्या पद्धतीसाठी मुद्दाम बांधलेली आणि पूर्ण स्वरूपात टिकलेली जगातली ही एकमेव खोली, असे संग्रहालय सांगते.

मास्तर उंचवट्यावर बसे. शिकवण्याचे काम ‘मॉनिटर’ म्हणजे थोरली मुले करीत. पुस्तके महाग, म्हणून भिंतीवर टांगलेल्या तक्त्यांपुढे मुले अर्धवर्तुळात उभी राहून वाचत. सर्वांत धाकटी मुले पुढच्या रांगेत वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत. मराठी माणसाला ही वस्तू ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. ही आपली धूळपाटी.

ती इथे पोचली मद्रासहून. तिथल्या लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने १७८९ नंतर एका देशी शाळेत मुलांना वाळूत लिहिताना पाहिले आणि आपल्या शाळेत तेच सुरू केले. शिक्षक कुरकुरले, तेव्हा जॉन फ्रिस्कन या आठ वर्षांच्या मुलाला त्याने लहानग्यांवर नेमले. १७९७ साली त्याने लंडनमध्ये यावर पुस्तक काढले. पुढल्याच वर्षी लँकेस्टरने आपली शाळा उघडली आणि पद्धत मूळ कुणाची यावरून दोघांचे समर्थक वर्षानुवर्षे भांडले.

वाळूचे ऋण बेल मान्य करी. मुलांनी मुलांना शिकवणे हा मात्र स्वतःचा शोध म्हणे. मला हे पटत नाही. १६२३ साली इक्केरीला पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने चार मुले मास्तराविना, सुरात म्हणत, वाळूत अंक गिरवताना पाहिली होती. खुद्द कंपनीच्या संचालकांनीही १८१४ च्या खलित्यात ही हिंदुस्थानातल्या पंतोजींची जुनी रीत असल्याचे लिहिले आहे. गंमत अशी, की १८२२ नंतर मुंबईच्या हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळीने हीच रीत लँकेस्टरच्या नावाने, सुधारणा म्हणून, आपल्या पंतोजींना शिकवायला घेतली!

पण ती जशी गेली तशी परतली नाही. आपल्याकडे ओसरीवर नाहीतर देवळात मूठभर मुले असत. थोरला मुलगा मुहारणी सांगे आणि पंतोजी प्रत्येकाला नावाने ओळखे. हिचिनच्या खोलीत हिशेब खर्चाचा होता.

एवढ्यावरून ‘सारे आमचेच’ म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी त्या ओसरीवर कोण बसत होते, हेही पाहावे. हिचिनची खोली मजुरांच्या पोरांसाठी होती. आपल्या ओसरीवर मुली जवळजवळ नव्हत्याच आणि अस्पृश्यांना तिची पायरीही चढता येत नव्हती. हिचिनची खोली बांधून अकरा वर्षे झाली, तेव्हा १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढल्या वर्षी त्यांना घर सोडावे लागले.