अश्वशिक्षण आणि शिवकालीन पागेची शिस्त

घोड्यास शिकवावें कसें, हा वाद जुना आहे. बळजबरीनें करविलेली चाल घोड्यास उमगत नाहीं व तींत शोभाही नसते, असें ग्रीक लेखक झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत प्रतिपादिलें. अर्वाचीन क्रीडांगणावर मात्र घोड्याची मान बळानें छातीकडे वांकविण्याचा प्रघात पडला. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानें २०१० सालीं तो त्याज्य ठरविला.

आमचे कागद काय सांगतात? चिपळूण तर्फेंत हलवर्ण येथें छावणीस असलेल्या पागेच्या अंमलदारांस राज्याभिषेकापूर्वीं धाडलेलें शिवछत्रपतींचें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची बेगमी आधींच उधळली तर घोडीं उपाशी मरतील व त्या हत्येचा दोष तुम्हांवरच येईल, असा त्याचा आशय. उंदरानें जळती वात ओढून नेल्यास वैरण जळेल, येथवर त्यांत सावधगिरी सांगितली आहे. २५ घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद असे, असें सभासदही नमूद करितो.

यावरून मराठे स्वार हलक्या हातानें लगाम धरीत, हें सिद्ध होत नाहीं; पत्र पोषणाचें आहे, शिक्षणाचें नव्हे. परंतु घोड्याच्या हालांचा दोष दैवावर न टाकतां माणसावर ठेवण्याचें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे, आणि आजच्या वादांतही मुख्य प्रश्न तोच होय.

लगाम व चाल यांविषयींचा पुरावा खासगी दप्तरांतून मिळण्याचा संभव आहे. महाड-पोलादपूर प्रांतीं, तळीयेसारख्या डोंगराळ गांवींही, कोणाच्या रुमालांत पागेचे हिशेब, चंदीच्या यादी अथवा शालिहोत्राच्या पोथ्या असल्यास संग्राहकांनीं त्या उजेडांत आणाव्या.